चौदा एप्रिलच्या जेवणाचा बेत

शेवंताबाईने आयुष्यात काय केलं हे सांगायला चार ओळी पुरतात. निपाणीच्या एका वखारीत एकतीस वर्षं तंबाखू चाळली. दोन मुली वाढवल्या, एक खानापूरकडे दिली, एक कोगनोळीला. नवरा सत्याप्पा अडुसष्ट साली गेला तेव्हा तीन दिवस घरी बसली आणि चौथ्या दिवशी वखारीत हजर झाली, कारण पाचव्या दिवशी नाव कमी करायची तिथे पद्धत होती. नव्वद साली ती स्वतः गेली. झालं.

पण दर वर्षीचा चौदा एप्रिल तिचा होता. आमची वस्ती बौद्धांची. बाबासाहेबांच्या जयंतीला सगळ्या वस्तीचं एकत्र जेवण असतं, आणि साठ सालापासून ते शेवंताआक्का करत होती. राबायला वीस बायका असायच्या, ढवळायचा-वाढायचा डाव मात्र तिच्या हातात. ज्याच्या हातात डाव, त्याचा शब्द शेवटचा. वखारीत मुकादम तिला ‘ए’ म्हणून हाक मारायचा. इतक्या वर्षांत त्याने नाव विचारलं नव्हतं. चौदा एप्रिलला मात्र ती ‘बसा’ म्हणाली की चारशे माणसं बसायची आणि ‘थांबा’ म्हणाली की भुकेली पोरंसुद्धा थांबायची. एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही तिने कधी कुणाकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

चौऱ्याऐंशी साली तो डाव तिच्या हातून जायची वेळ आली. मला हे नीट माहीत आहे, कारण जयंती समितीची चिटणीस मी होते. हायस्कुलात शिकवत होते, अक्षर बरं होतं, म्हणून चिटणीस.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. आक्काला वास येत नव्हता. अजिबात.

हे मला ऐंशी साली कळलं. ती माझ्या घरी तांदूळ निवडत बसली होती, मी मागच्या दारी धुणं वाळत घालत होते आणि स्टोव्हवर दूध होतं. दूध उतू गेलं, जळलं, पातेलं काळं झालं, शेजारची अंबुबाई गल्लीतून बोंबलत आली, आणि ही स्टोव्हपासून दोन हातांवर, पाठ करून, खडे वेचत बसलेली.

“आक्का, तुझं नाक गेलंय,” मी म्हणाले.

मी तिला लहानपणापासून तूच म्हणत आले. ती मात्र मी बी. ए. होऊन शाळेत लागले त्या दिवसापासून मला अहोजाहो करायला लागली होती, आणि कितीही सांगितलं तरी सोडत नव्हती.

“पडसं हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“बहात्तर सालापास्नं.”

तिने सुपातला एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला.

“कुणाला सांगू नगासा, बाई. नाक न्हाय म्हटल्यावर डाव काढून घेत्यात.”

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण जेवण उत्तम व्हायचं. ती कानाने स्वयंपाक करायची. तिखटमीठ मुठीने, आणि मूठ तीच होती. फोडणी आवाजाने. हुलगे शिजले की बोलायचे थांबतात, असं ती म्हणायची, आणि खरंच एका ठराविक क्षणाला हंड्यावर वाकून ‘गप झालं, उतरा’ म्हणायची. चाळीस वर्षं जे केलं ते हाताला आणि कानाला पाठ होतं. नवं काही करायचं म्हटलं की मात्र नाक लागतं. म्हणून जयंतीचा बेत बदलणं म्हणजे आक्काला चुलीवरून उठवणं, हे वस्तीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

आणि भीमाप्पाला बेत बदलायचा होता.

भीमाप्पा आमचा अध्यक्ष. चिकोडीला सरकारी कचेरीत कारकून. वाईट माणूस नव्हे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलताना आधी घसा साफ करायचा. त्या फेब्रुवारीत तो बेळगावला साहेबाच्या मुलाच्या लग्नाला जाऊन आला होता. तिथे श्रीखंड-पुरी होती आणि वाढणाऱ्या आचाऱ्यांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या होत्या. त्या टोप्या त्याच्या डोक्यात बसल्या.

मार्चच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात बैठक झाली. भीमाप्पाने घसा साफ केला.

“यंदा पाहुणे म्हणून बेळगावचे प्राध्यापक मारुतीराव येत आहेत. मूळ बेळगुंदीचे, आपल्यातलेच, पण आता मोठे गृहस्थ. त्यांच्या ताटात हुलगे वाढायचे का, याचा समितीने विचार करावा. मी सुचवतो श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. आचारी मी बघतो.”

“मग मी काय करू?” आक्काने विचारलं. ती दाराशी बसली होती.

“तुम्ही पहिल्या पंगतीला बसा, आक्का. इतकी वर्षं केलंत. आता मान घ्या.”

“मान नगं मला. डाव ऱ्हाऊ दे.”

यावर परशराम उठला. परशराम प्राथमिक शाळेत मास्तर, तिशीचा, कुठलीही गोष्ट ठरावाशिवाय व्हायला त्याचा विरोध. तो म्हणाला, प्रश्न श्रीखंडाचा किंवा हुलग्यांचा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे. आणि त्याने ठराव मांडला: जो पदार्थ आपल्या आईबापांनी कधी कुणाच्या दारात मागून आणला, तो पदार्थ जयंतीच्या पंगतीत असू नये.

टाळ्या पडल्या. आक्कानेही वाजवल्या. मी लिहून घेतलं.

भीमाप्पा खूश झाला, कारण त्याला वाटलं काम झालं. “म्हणजे भाकरी गेली,” तो म्हणाला. “भाकरी आपण दारोदार मागितली.”

“गेली,” आक्का म्हणाली. “लिवा, बाई.”

“ताक गेलं. ताकाला आपल्या बायका पाटलाच्या परड्यात उभ्या ऱ्हायच्या.”

“गेलं. लिवा.”

“कण्या गेल्या. मटण गेलं, मटणाचं तर बोलायलाच नको.”

“बोलू नगंस. लिवा, बाई. आता श्रीखंड.”

“श्रीखंडाचं काय?”

“श्रीखंड कुटनं आलं, भीमाप्पा?”

“कुठून म्हणजे? चक्का आणायचा, साखर आणायची.”

“आता न्हवं रं. आदी.” आक्का सरकून पुढे आली. “इनामदारांच्यात मुंज हुती. आमी पत्रावळ्या काढाय गेलतो, मी आन् तुझी आई. उरलेलं श्रीखंड बुट्टीत घालून दिलं. पुऱ्या दिल्या. बटाट्याची भाजी दिली, मसालंभात बी दिला. मागल्या दारानं. तुझ्या आयनं घरात येऊन बुट्टी ठेवली आन् तू बोटानं चाटलास. तीन वरसांचा हुतास. हागवण लागली.”

समाजमंदिरात बायका हसायला लागल्या. भीमाप्पाचा घसा साफ होईना.

“गोडधोड आपल्यात कुणी घरात केलतं व्हय त्यावेळी?” आक्का शांतपणे म्हणाली. “जिलबी, बुंदी, लाडू, सगळं मागूनच आलंय. ठराव चांगला हाय परशरामचा. लिवा बाई, श्रीखंड गेलं. पुरी गेली.”

मी परशरामकडे बघितलं. तत्त्व त्याचं होतं. तो म्हणाला, “तार्किकदृष्ट्या बरोबर आहे.”

“आणि हुलगे?” भीमाप्पा चिडून म्हणाला. “हुलगे कुठून आले?”

“हुलगं कुणी दिलं न्हाय आपल्याला. हुलगं बैलाला घालत्यात, दारात आलेल्याला न्हाय. ते मी मजुरीवर घेतलंय. पुंडी बी कुणी दिली न्हाय.” पुंडी म्हणजे अंबाडी, आमच्याकडे कानडीतला शब्द चालतो. “पुंडी बांधावरनं उपटून आणली.”

“कुणाच्या बांधावरून?”

“पाटलाच्या.”

“म्हणजे चोरली.”

“चोरली म्हण. मागितली न्हाय.”

परशरामने चोरीबद्दल ठरावात काय आहे असं मला विचारलं. मी वाचून दाखवलं. ठरावात मागण्याबद्दल होतं, चोरीबद्दल काही नव्हतं. पुंडी पास झाली. भात रेशनचा, तो रांगेत उभं राहून आणतात, म्हणून तोही पास झाला. खरडा कुणी दिला नव्हता, कारण मिरच्या कुणीच देत नाही. असा बेत ठरत गेला: भात, हुलग्याची आमटी, पुंडीची भाजी, खरडा. जो पंचवीस वर्षं होता तोच, पण आता ठरावाने.

इथे आक्काने गप्प बसायला हवं होतं.

“आणि गोड?” भीमाप्पाने विचारलं. “बाबासाहेबांच्या जन्मदिवशी गोड नको?”

“हुग्गी करू की,” आक्का म्हणाली. जिंकत आलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तसं ते निघालं. “गव्हाची हुग्गी. ती कुणी दिली न्हाय आपल्याला कधी. हुग्गी उरतच न्हाय, देतील कुटनं?”

हुग्गी म्हणजे उखळात कांडलेल्या गव्हाची गुळातली खीर. आमच्या भागात जत्रेला होते, मोठ्या काहिलीत, आणि खरंच उरत नाही. आणि ती बुडाला लागते. गूळ पडला की क्षणात लागते, आणि लागायला आली हे नाकाला कळतं. आक्काने ती आयुष्यात केली नव्हती.

भीमाप्पाने पेन काढलं. “बरोबर. हुग्गी तुम्हीच करणार. चारशे माणसांची. चांगली झाली तर तुम्ही आहात तोवर डाव तुमचा, मी पुन्हा आचाऱ्याचं नाव काढणार नाही. करपली, तर पुढच्या वर्षी आचारी. मान्य?”

आक्काने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मला कुणी विचारलं नव्हतं.

“मान्य,” ती म्हणाली. मी तेही लिहून घेतलं.

त्यानंतरचे तीन रविवार ती माझ्या घरी आली. कांडलेले गहू घेऊन यायची आणि स्टोव्हवर लहान पातेल्यात हुग्गी करायची. नाक माझं, हात तिचा. पहिल्या रविवारी मी “लागतंय, लागतंय” म्हणून ओरडेपर्यंत लागली होती. दुसऱ्या रविवारी तिने मला गप्प बसवलं.

“तुमी बोलू नगासा. मला ऐकू दे.”

ती पातेल्यावर कान धरून बसली. चेहऱ्यावर वाफ, केसांतून पाणी. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पाणी असतंय तवर बडबडती. घट्ट व्हाय लागली की पुटपुटती. मग गप हुती. गप झाली की संपलं. पुटपुटत असताना गूळ घालाय पायजे आन् जाळ वडाय पायजे.”

तिसऱ्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसले होते, मुद्दाम. हुग्गी उत्तम झाली. मी दोन वाट्या खाल्ल्या. आक्काने गोड लागतंय एवढं सांगितलं. जिभेला गोड-खारट कळायचं, बाकी काही नाही.

तेव्हा तयारी नीट झाली होती. पुढे जे झालं त्यात हलगर्जीपणा कुणाचाच नव्हता.

चौदा एप्रिलला सकाळी मी बसस्टँडवर पाहुण्यांना आणायला गेले. गाडी तास-दीड तास उशिरा आली. त्यामुळे चुलीपाशी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, नंतर गंगव्वाने सांगितलं. गंगव्वा आक्काची वखारीतली जोडीदारीण, शेजारी बसून चाळणारी, आणि त्या दिवशी दुसऱ्या काहिलीचं ढवळायचं फावडं तिच्या हातात होतं.

चूल दरवर्षीच्या जागी, चिंचेखाली. परशरामने यंदा नवे कर्णे आणले होते, दोन, आणि उंच जागा म्हणून त्याच चिंचेला बांधले. हुग्गी पुटपुटायला लागायची वेळ झाली आणि परशरामने तबकडी लावली. आक्काने वर बघितलं.

“परशराम, ते जरा बंद कर.”

“काय?”

“बंद कर म्हणतो मी. थोडा येळ.”

“आक्का, बाबासाहेबांचं गाणं आहे! आज बंद करू? जयंतीला?”

“मग तोंड फिरीव तिकडं.”

“तिकडे पाटलाचा मळा आहे. मळ्याला ऐकवू?”

यावर ती काय सांगणार? कान लागतो म्हटलं असतं तर नाक कुठे गेलं असं कुणीतरी विचारलं असतं. तिने काहिलीवर वाकून ऐकायचा प्रयत्न केला. मग फावड्याच्या दांड्याचं वरचं टोक कानामागच्या हाडाला टेकवलं आणि डोळे मिटून उभी राहिली. गंगव्वाला वाटलं आक्का प्रार्थना करते आहे, म्हणून तिनेही ढवळायचं थांबवून हात जोडले.

मी पाहुण्यांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हाच मला कळलं. करपलेल्या गुळाचा वास लपत नाही. प्राध्यापक मारुतीरावांनी विचारलं, “इथे जवळपास गुऱ्हाळ आहे का?” मी हो म्हणाले.

वंदना झाली, भाषणं झाली. मारुतीराव स्वाभिमानावर पाऊण तास बोलले, चांगलं बोलले. मग आक्का चिंचेखालून ‘बसा’ म्हणाली आणि पहिली पंगत बसली. पुढच्या ओळीत पाहुणे, भीमाप्पा, परशराम, पोस्टातला भरमू आणि मी. भात आला, आमटी आली. आमटी नेहमीसारखी, म्हणजे दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी. मारुतीरावांनी तीनदा मागून घेतली, आणि बेळगुंदीला आईच्या हातची अशीच असायची असं काहीतरी म्हणाले. मग हुग्गी आली.

भीमाप्पाने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. परशरामने पत्रावळीकडे बघितलं. भरमूने खोकून घेतलं. मारुतीरावांनी सगळी हुग्गी संपवली आणि चार ग्लास पाणी प्यायले. माणूस खानदानी.

मागच्या ओळींतून हाका सुरू झाल्या. “हुग्गी वाढा गं!” “अगं हिकडं बी ये की!” “पळी भरून घाल, काय देवाला दाखवायलीस?”

आधी मला वाटलं, लोक आक्काची लाज राखताहेत. पण आमची वस्ती अशी नाही. एकदा परशरामने भाताचा हंडा अळणी उतरवला होता, तेव्हा त्याला चार दिवस रस्त्याने चालू दिलं नव्हतं. मी मागे वळले. गंगव्वा वाढून दमली होती आणि आता माझ्यामागे जेवायला बसली होती. तिची हुग्गीची दुसरी वाढ चालली होती.

“गंगव्वा, करपलीय ना गं?”

“काय करपलंय?”

“हुग्गी.”

तिने पत्रावळ उचलून नाकाला लावली. चांगली लावली, गाल खरकटा झाला. “न्हाय की,” ती म्हणाली. “झ्याक हाय. तुमास्नी काय झालंय?”

तिच्या शेजारची सुलाबाई म्हणाली, “मला पडसं हाय, मला इचारू नगासा.” तिच्यापलीकडची म्हणाली, तिलाही पडसंच आहे, थंडीपासून आहे. एप्रिल होता. अंगाची लाही होत होती.

त्या पंगतीत ऐंशी माणसं होती. वखारीत चाळणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, तंबाखूची बोदं उचलणारे गडी. वास आला तो आम्हा पाच जणांना. पोरांनाही आला असेल, पण पोरं गोड मिळालं की वास बघत नाहीत. दोन्ही काहिली धुतल्यासारख्या रिकाम्या झाल्या. बुडाचा काळा खरवड राहिला होता, तो दोघी बायकांनी घरी नेला.

जेवणं आटोपल्यावर आक्का माझ्याकडे आली. खूश होती.

“बाई, सांगा. कशी झाली?”

मी सांगितलं. “करपली, आक्का. दोन्ही.”

तिने काहिलीकडे बघितलं, मग रिकाम्या पंगतीकडे.

“कुणी बोललं न्हाय.”

“कळलंच नाही कुणाला.”

मग ती चिंचेच्या मुळावर बसली. “गंगव्वाला बी न्हाय?”

“नाही.”

“सुलीला?”

“नाही. पडसं आहे म्हणाली.”

आक्का पदराने डाव पुसत बसली. तो पुसलेलाच होता.

पुढच्या रविवारी जयंतीचा आढावा घ्यायची बैठक झाली. आढाव्याला एरवी सात माणसं येतात. त्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळ्या वखारीतल्या बायका. भीमाप्पाने घसा साफ केला आणि म्हणाला, ठरल्याप्रमाणे हुग्गी करपल्याची नोंद घ्यावी आणि पुढच्या वर्षीसाठी आचारी बघावा.

“कोण म्हणतंय करपली?” गंगव्वा उभी राहिली.

“सगळ्यांना माहीत आहे.”

“हात वर करा, कुणाकुणाला करपल्याली लागली.”

आम्ही चार हात वर केले. पाचवे मारुतीराव बेळगावात होते.

“कुणाला न्हाय लागली?”

समाजमंदिरभर हात. “झालं,” गंगव्वा म्हणाली. “करपली न्हाय. लिवा, बाई.”

“करपणं मतदानाने ठरतं का?” भीमाप्पा ओरडला. परशरामने हात पुन्हा मोजले. बहुमत तर होतं.

मी पेन उचललं होतं. तेवढ्यात आक्का उठली.

“लिवू नगासा, बाई. करपली हुती.” ती गंगव्वाकडे वळली. “बस गं खाली. बाईंनी सांगितलंय मला, त्या तोंडावर खोटं बोलत न्हाईत. असलं मत नगं मला. माझं नाक गेलंय. बारा वरसं झाली. दूध जळलं तर कळत न्हाय, गोठ्यात हाय का घरात हाय कळत न्हाय. मी कानानं करतो. त्या दिशी परशरामनं कर्णा लावला, कान बी गेला.”

मग सुलाबाई हळूच म्हणाली, “म्हंजे माझं पडसं...”

“पडसं न्हवं ते,” आक्का म्हणाली. “वखारीतला खकाणा हाय, तंबाखूची धूळ. तुझं बी गेलंय, गंगव्वाचं बी गेलंय. नायतर करपल्याली हुग्गी दोनदा खाल्ली असतीस व्हय?”

गंगव्वाने पदर नाकाला लावून बघितला, मग दुसऱ्या बाईचा लावून बघितला. त्यावर कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. भीमाप्पालाही नाही. त्याची आई वखारीतच होती, शेवटपर्यंत. तो खाली बघून कागद सारखे करत होता.

“मग आक्का,” तो अखेर म्हणाला, “तुम्हीच सांगा. नाकाशिवाय स्वयंपाक कसा सोपवायचा?”

“नाक तंबाखूत गेलंय. डावात गेलं न्हाय. हात हाय, कान हाय. नाक पायजे न्हवं? तुझं हाय की.”

“माझं?”

“बेळगावात लग्नात श्रीखंड हुंगून आलास न्हवं? चांगलं चालतंय. हुबा ऱ्हा चुलीपाशी. लागाय आलं की सांग. बाकीचं मी बघतो.”

परशराम म्हणाला, याचा रीतसर ठराव व्हायला हवा. झाला. एकमताने; भीमाप्पाने हात वर केला नव्हता, पण खालीही ठेवला नव्हता. मी लिहिलं: पुढील वर्षापासून अध्यक्षांनी स्वयंपाकाच्या वेळी चुलीजवळ हजर राहून वास घ्यावा.

पंच्याऐंशीच्या चौदा एप्रिलला भीमाप्पा सकाळी सातला चिंचेखाली आला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आक्काने वाऱ्याच्या खालच्या अंगाला त्याच्यासाठी लाकडी पेटी मांडली होती.

“तितं बस. पान खाऊ नगंस, विडी वडू नगंस, कुणाशी बोलू नगंस. नाक हिकडं कर.”

“आक्का, आठला झेंडा वर करायचा आहे. मी अध्यक्ष आहे.”

“दुसरा कुणीतरी करील. झेंड्याला वास बघाय लागत न्हाय.”

त्याने माझ्याकडे बघितलं. ठरावात ‘हजर राहून’ असं होतं, मी तसं सांगितलं. झेंडा परशरामने वर केला. गाणी लागली, कर्णे चिंचेलाच होते, आणि भीमाप्पा पेटीवर बसून दोन काहिलींमध्ये मान फिरवत राहिला. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते. आक्का ढवळत होती, गंगव्वा दुसऱ्या काहिलीवर.

गूळ पडला. बऱ्याच वेळाने भीमाप्पा पेटीवरून उठला. “आक्का, आता. डावीकडची.”

“वडा जाळ!” आक्का ओरडली, आणि बायकांनी लाकडं बाहेर ओढली. ती तशीच ढवळत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “कसा येतोय?”

“काय?”

“वास रं. कसा येतोय ते सांग की.”

भीमाप्पा कारकून माणूस. त्याला असलं कुणी विचारलं नव्हतं. त्याने काहिलीवर वाकून दोनदा हुंगलं. “गव्हाचा येतोय,” तो म्हणाला. “भाजल्यासारखा थोडा. वेलदोडा आहे. आणि गुळाचा... पावसात गुऱ्हाळाची जागा ओली झाली की येतो तसा. नाही, तसाही नाही. कोरड्या नारळाचा पण आहे खाली.”

आक्काचा हात थांबला होता. गंगव्वानेही फावडं धरून ठेवलं होतं.

“बरं,” आक्का म्हणाली, “आता उजवीकडच्या काहिलीचा सांग. ती ऱ्हाईली.”